डोकं, काळीज, शेपूट आणि चहा

६ नोव्हेंबर

नवी वही काढली. जुन्या वहीवर मळी सांडली, पानं अशी चिकटली की चाकूनेही सुटेनात. तिला निवृत्त केलं. मला कुणी निवृत्त केलं नाही, मीच झालो. जन्मभर तांबं ठोकलं. दुसऱ्यांच्या रमच्या भट्ट्यांना ठिगळं लावली आणि लावता लावता आत काय चालतं ते डोकावून बघून घेतलं. मग स्वतःची भट्टी ठोकली, गोल पोटाची, बदकासारख्या मानेची. परवाना भिंतीवर चौकटीत आहे, आमच्या लग्नाच्या फोटोशेजारी. ही म्हणते, "दोन्ही परवानेच."

आज मळीचे डबे आले. कारखान्याने साखर काढून घेतली की मागे उरते ती ही काळी, जाड माया. कोमट पाण्यात कालवली, यीस्ट सोडलं, टाकीवर घोंगडी टाकली. उद्या टाकीला कान लावला की आत कुणीतरी दबक्या आवाजात गप्पा मारत असल्यासारखं ऐकू येईल.

परवापर्यंत अंथरुणात होतो. एवढी सर्दी आयुष्यात झाली नव्हती. गेली एकदाची. यंदाची मळी मात्र मुकी आहे. मागच्या खेपेला डबा उघडला की वासाने शेड भरून जायची. यंदा काही बोलतच नाही. कारखानेवाल्यांना सुनावलं पाहिजे.

९ नोव्हेंबर

साखरमिशीचा फोन आला. मोठ्या हॉटेलात गोडाधोडाचा शेफ आहे. मिशीवर कायम पिठीसाखर, म्हणून हे नाव, आमच्या घरापुरतं. महिनाभराने येतो म्हणाला. दोन हिवाळे पिंपात झोपलेली आपली पहिली रम त्याच्यासमोर उघडायची. ती आवडली तर त्याच्या पुडिंगवर ओतणार. फळं भिजवायला पिंपात न घातलेली ताजी, पांढरी रमही त्याला हवी. दोन्ही पसंत पडल्या तर हॉटेलच्या मेनूकार्डावर आपलं नाव छापणार.

आजवर लोक म्हणायचे, तांबटाला म्हातारपणी खेळणं मिळालं. आता बघा म्हणावं.

बाटलीच्या गळ्यात बांधायला तांब्याचे लहान बिल्ले करायचे ठरवलंय. बिल्ल्यावर नाक कोरायचं. नुसतं नाक. रम नाकाने होते. मद्यमापकाची काचेची कांडी आहे माझ्याकडे, पण कांडीला जोर कळतो, गुण कळत नाही.

हिला नाक काढून दाखवलं. "कुणाचं?" म्हणाली. "माझं," म्हटलं. "मग एवढं सरळ का काढलंत?"

१३ नोव्हेंबर

संध्याकाळी स्वयंपाकघरात ऊबेला बसून बिल्ल्यांचा हिशोब मांडत होतो. बाजूला गॅसवर दूध होतं. ही अंगणातून धावत आली, हातात ओले कपडे तसेच. दूध उतू जाऊन, आटून, पातेल्याचं बूड काळं झालेलं.

"अहो, अंगणात वास आला मला! तुम्ही हाताच्या अंतरावर बसलाय."

"कामात गुंग होतो," म्हटलं. खरंच होतो. कलावंत माणसाला असं होतं. ती पातेलं घासत बसली. एरवी एवढ्यावर तासभर ऐकावं लागलं असतं.

१४ नोव्हेंबर

हिने सकाळी एक वाटी नाकाशी धरली. "केकसाठी गुलाबपाणी आणलंय. कसं आहे बघा."

"छान आहे," म्हटलं. अगदी ताजं वाटलं.

बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. या वयात बायको असं डोळे भरून बघते, आणखी काय हवं माणसाला?

१८ नोव्हेंबर

आज दुसरी उकळी. पहिल्या उकळीत आंबवणातलं मद्य फक्त वेगळं होतं, त्यात बरंवाईट सगळं एकत्र असतं. खरी परीक्षा दुसऱ्या उकळीची. वाफ मानेतून वर जाते, गार पाण्यातल्या वेटोळ्यातून फिरते आणि तोटीतून सुतासारखी धार लागते. ती धार तीन जातींची. पहिलं येतं ते डोकं: झणझणीत, घातक, फेकायचं. मग काळीज: तेच आपलं. शेवटी शेपूट: जड, कुबट. ही नावं माझी नाहीत, सगळे भट्टीवाले अशीच काहीतरी म्हणतात. पण डोकं संपून काळीज कधी लागलं आणि काळजाला शेपूट कधी फुटलं हे सांगायला कुठलंही यंत्र नाही. थेंब तळहातावर घ्यायचा, चोळायचा, हुंगायचा आणि नेमक्या क्षणी तोटीखालची बरणी बदलायची. चुकलात तर सगळी बरणी नासली.

ही आज विणकाम घेऊन भट्टीजवळ येऊन बसली. एवढ्या वर्षांत कधी बसली नव्हती. "थंडी वाजते," म्हणाली. मी तळहात हुंगत होतो, विचार करत होतो, तेवढ्यात म्हणाली, "चहा ठेवू का?" आणि त्याच क्षणी मला आतून वाटलं, झालं, डोकं संपलं. बरणी बदलली. पुढे दुपारी ती म्हणाली, "चला जेवायला," आणि मला वाटलं, शेपूट आलं. बरणी बदलली.

काळीज पाण्यासारखं नितळ उतरलं. हिने झाकण लावताना हुंगलं आणि मान डोलावली. हिला दारूतलं काही कळत नाही, थेंब चाखला नाही कधी. पण नवऱ्याचं काम बघून मान डोलवायला कळावं कशाला लागतं?

२६ नोव्हेंबर

आणखी एक उकळी उत्तम. पुन्हा तेच, "चहा ठेवू का?" आणि माझं नाक दोन्ही एका ठोक्याला. इतक्या वर्षांच्या संसारात नाक आणि चहा यांचं असं घड्याळ जमेल असं वाटलं नव्हतं.

पिंपवाला नवी पिंपं घेऊन आला. माझा जुना दोस्त, लाकूड वाकवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही. ओकची पिंपं आतून भाजून आणतो, त्या भाजलेल्या लाकडातूनच रमला रंग आणि गोडवा मिळतो. मी पिंपात डोकं घातलं आणि म्हटलं, "यंदा भाजणी कमी केलीस रे. काहीच येत नाही नाकात."

"तांबट्या, शुद्धीवर आहेस ना? टेम्पोवाला म्हणाला गाडीत आग लागलीय की काय!"

ही मध्येच आली. "भावोजी, बसा. हे सकाळपासून भट्टीशी आहेत, नाकात मळीच बसलीय." मग त्याला लोणी, गूळ, लवंग आणि गरम पाण्यात रम घालून दिली. मापाने माझ्यासमोर ओतली, पण उकळतं पाणी जरा निवल्यावर. "आधी घातली तर सगळा जीव वाफेबरोबर जातो," म्हणाली. हे मीच तिला शिकवलं असणार. पिंपवाल्याने दोन प्याले घेतले आणि पिंपं उतरवायचं विसरून घरी गेला.

मलाही प्याला दिला. गोड लागला, गरम लागला. बस. लवंगेत काही दम राहिला नाही हल्ली. बाजारच तसला.

२ डिसेंबर

लेक आजारी, जावई परगावी. ही सकाळीच तिकडे गेली. निघताना पिशवी दारात ठेवून परत आत आली.

"मी येईपर्यंत भट्टी पेटवू नका."

"का? मी काय लहान आहे?"

"नका म्हटलं ना. शपथ आहे माझी."

आग लागेल म्हणून घाबरते. बायकांचा जीव.

५ डिसेंबर

पेटवली. साखरमिशी दहा तारखेला येणार. त्याच्यासमोर अगदी ताजी पांढरी बरणी ठेवायची माझी इच्छा होती. हिचा फोन आला तेव्हा आवाज कमी करून म्हटलं, "कसली भट्टी, पेपर वाचतोय." तोटीची टपटप तिला ऐकू गेली असावी, कारण म्हणाली, "पेपर गळतोय वाटतं."

सगळं एकट्याने केलं. शेड फार शांत वाटत होती. थेंब चोळून चोळून तळहात लाल झाला, पण काळीज काही ओळख देईना. मग चहाची तलफ आली. नेहमीपेक्षा जरा लवकरच आली, सकाळी खाल्लं नव्हतं. आणि काय गंमत, तलफ आली तसं नाकानेही सांगितलं, झालं! बरणी बदलली, चहा केला. दुपारी भुकेचं काही ध्यानातच राहिलं नाही. बऱ्याच उशिरा पोटात कावळे ओरडले तेव्हा बरणी हटवली. नेहमीपेक्षा काळीज भरपूर निघालं. अजून हातात जादू आहे म्हणायची.

८ डिसेंबर

ही परत आली. लेक बरी आहे. पिशवी ठेवली ती सरळ शेडमध्ये गेली. नवी बरणी उघडली, लगेच बंद केली.

"ही वेगळी ठेवूया. पुन्हा भट्टीत घालू."

"का म्हणून? या मोसमातली सगळ्यात चांगली बरणी आहे ती."

"माझं ऐका एवढं."

"चाखत नाहीस, पीत नाहीस, आणि मला सांगतेस?"

जरा जास्तच आवाज चढला माझा. तिने जेवताना पाहुण्याला वाढावं तसं वाढलं. हे शांत वाढणं मला सोसत नाही.

१० डिसेंबर

साखरमिशी आला. आधी पिंप उघडलं. काय तो रंग! पातळ मधासारखा. दोन हिवाळ्यांत वरचा बराच भाग वाऱ्याने पिऊन टाकला, त्याचाही हक्कच आहे म्हणा. शेफने पेला फिरवला, हुंगला, घोट घेतला, डोळे मिटले. मिशीवरची साखर सुद्धा हलली नाही.

"काका," म्हणाला, "ही तुम्ही केलीत? एकट्याने?"

"कुणाकडून शिकायला गेलो नाही," म्हटलं. छाती एवढी झाली की सदऱ्याची गुंडी ताणली.

मग तो हक्काने स्वयंपाकघरात शिरला. लोणी-साखरेत केळ्याचे काप परतले, गॅस बंद केला, आपली रम ओतली आणि काडी लावली. निळी ज्योत तव्यावरून पळत गेली. ही कौतुकाने बघत होती. "मद्य जळतं, गुण मागे राहतो," तो म्हणाला. "काकू, घ्या." ती म्हणाली, "जळलंय ना सगळं?" आणि दोन वेळा घेतलं.

मी खुशीत सगळ्यांना परत शेडमध्ये नेऊन पाच तारखेची बरणी काढली.

"अहो, ती राहू द्या," ही म्हणाली.

ओतली. शेफने थेंब तळहातावर चोळला, नाकाशी नेला आणि मान मागे घेतली.

"काका, या बरणीत आधी काय होतं?"

"काय म्हणजे?"

"नखांचं पॉलिश पुसतात ना, तसा वास आहे. आणि मागून भिजलेला पुठ्ठा."

मला झोंबलं. म्हटलं, "शेफ, मिशीतली साखर नाकात गेली असेल तुमच्या."

कुणी हसलं नाही. ही उठली, फळीवरून गेल्या महिन्यातली बरणी आणली आणि त्याच्यापुढे ठेवली. त्याने हुंगली. "ही! ही बरोबर. केळं, ऊस, थोडं मिरं. काका, या दोन एका हातच्या नाहीत."

मी दोन्ही बरण्या घेतल्या. उजवी हुंगली, डावी हुंगली. पुन्हा उजवी. पाणी आणि पाणी.

तेव्हा हिने अवघडलेपण मोडायला म्हटलं, "चहा ठेवू का?"

आणि माझा हात आपोआप उठून तोटीकडे गेला. भट्टी थंड, तोटीखाली बरणी नाही, आणि मी बरणी बदलायला हात पुढे केलेला. शेफला काही समजलं नाही. आम्हां दोघांना समजलं.

जाताना तो हळूच म्हणाला, "काका, पिंपातली पसंत. पण पांढरीचा भरवसा पाहिजे. अशी बरणी माझ्या किचनमध्ये शिरली तर फळांचा सगळा हंडा फेकावा लागेल. पुढच्या उकळीला मी स्वतः येऊन बसतो. त्यावरून ठरवू."

११ डिसेंबर

दिवसभर घरातलं सगळं हुंगत फिरलो. साबण, कांदा, चपला, लवंगांचा डबा. उशी. हिची शाल.

काही नाही.

१२ डिसेंबर

सकाळी मीच विषय काढला. ती भाजी निवडत होती.

"केव्हापासून माहीत होतं?"

"दूध करपलं तेव्हा शंका आली. दुसऱ्या दिवशी खात्री केली."

"कशी?"

"ते गुलाबपाणी नव्हतं. लसूण ठेचून गाळलेलं पाणी होतं."

मी छान म्हटलं होतं. ताजं म्हटलं होतं. आधी लाज वाटली, मग ती भाजीच्या ताटात तोंड घालून हसायला लागली, मग मीही. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो आणि माझं पाणी जरा उशिरा थांबलं.

"बोलली का नाहीस?"

"डॉक्टरला विचारलं मी, लेकीकरवी. सर्दीने जातं म्हणाले, येईल तर येईल, वेळ लागेल. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही त्याच दिवशी भट्टीला कुलूप लावलं असतं. लावलं असतं की नाही?"

लावलं असतं. आजही तेच मनात होतं. किल्ली खिशातच होती.

"पण तुला कसं कळतं? तू तर थेंब घेत नाहीस."

"घ्यायला कशाला हवं? एवढी वर्षं तुमचे कपडे कोण धुतंय?" पालेभाजीची काडी मोडत ती सांगायला लागली. "पहिल्याला वास नसतोच, डंख असतो, डोळ्यांच्या मागे. तो गेला की कच्च्या केळ्याच्या सालीसारखं येतं. मग एकदम पिकतं ते. पिकलं की मी चहा विचारायचे. आणि ओल्या फडक्याचा वास यायला लागला की जेवायला बोलवायचे."

मी ऐकत राहिलो. हे असं मला स्वतःला कधी सांगता आलं नव्हतं. मला काळीज ओळखू यायचं, पण त्याचं वर्णन विचारलं तर मी फक्त 'आलं' म्हणायचो. आणि माझ्या घरातलं असं नाक इतकी वर्षं केकच्या डब्यात अडकून पडलं होतं!

"मग आता?" म्हटलं.

"आता काय! हात तुमचे, जाळ तुमचा, तांबं तुमचं. वासाचं मी बघते. भांडणाचं दोघं मिळून बघू."

किल्ली खुंटीला लावली.

१६ डिसेंबर

पाच तारखेची बरणी पुन्हा भट्टीत जायला तयार. मी पुढे हात केला तर हिने मागे घ्यायला लावला. "आधी भट्टी घासा. मानेत वास राहिलाय." राहिला होता म्हणे. चिंच-मिठाने घासली, आरशासारखी लखलखली. तेवढं मला दिसतं.

पिंपवाल्याला बोलावून खरं सांगितलं, त्याच्या लाकडाला नावं ठेवली होती म्हणून. तो म्हणाला, "म्हणजे वहिनींनी मला मळीची थाप मारली?" मग जरा विचार करून, "एक बरं झालं तांबट्या, आता तुझ्या शेजारी बसून जेवताना माझ्या मोज्यांची काळजी नको."

बिल्ल्यावरचं नाक ठोकून सपाट केलं. नवं चित्र कोरतोय. हिला दाखवलं नाही.

२० डिसेंबर

साखरमिशी सकाळीच येऊन स्टुलावर बसला. पिंपवाला आमंत्रण नसताना आला. मी शेफला आधीच सांगून टाकलं, मान ताठ ठेवून: "माझं नाक गेलंय. जाळ माझा आहे. बरणी ही सांगेल तेव्हा बदलेल." त्याने हिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि स्टूल हिच्या बाजूला सरकवून घेतलं.

जाळ मंद ठेवला, माझ्या हाताइतका मंद जाळ कुणाला जमत नाही, हे आजही लिहितो. तांबं तापलं की कसं कुरकुरतं, मान कधी गरम होते, धार कधी लागणार, सगळं कानाने आणि बोटांनी सांगितलं. धार लागली. ही पदर खोचून तोटीशी उभी. तळहातावर थेंब, चोळला, हुंगला. "डंख." पुन्हा थेंब. "डंख." शेफनेही आपला तळहात पुढे केला. "झालं वाटतं, काकू?"

"नाही. साल आहे अजून."

त्याने तळहात मागे घेतला. एवढ्या माणसांत मला एकट्याला काही कळत नव्हतं, आणि अशी मजा कधी आली नव्हती. काहीतरी करायचं म्हणून मी उठलो आणि विचारलं, "चहा ठेवू का?"

"थांबा," ती म्हणाली. धारेवरून नजर काढली नाही. "अहो, थांबा थोडं."

शेफने पुन्हा हुंगलं आणि भुवया वर गेल्या. त्यालाही फरक कळला असावा, पण तो हिच्या तोंडाकडे बघत होता. आम्ही सगळेच बघत होतो. तिच्या नाकपुड्या एकदा हलल्या, चेहरा सैल झाला, अंगणात कुणी ओळखीचं माणूस शिरल्यासारखा.

"आलं," म्हणाली. "ठेवा आता चहा."

बरणी बदलली.

दुपारी "चला जेवायला" म्हणाली तेव्हा शेपटाचा थेंबही आत गेला नव्हता. शेफने बरणीवर स्वतःच्या हाताने हॉटेलची चिठ्ठी डकवली आणि विचारलं, "मेनूकार्डावर काय छापायचं, काका? नाव?"

मी खिशातून बिल्ला काढला. तांब्याचा, नखाएवढा, वर कोरलेला कप आणि त्यातून निघणारी वाफ. हिने हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला.

"रमच्या बाटलीवर चहाचा कप?" पिंपवाला म्हणाला. "गिऱ्हाईक साखर मागेल!"

"मागू दे," मी म्हटलं. "कारण विचारलं तर मी सांगेन."

तिने बिल्ला पदराने पुसला, चांगला चकचकीत असताना. म्हणाली, "कान डाव्या बाजूला काढलाय कपाचा. मी उजव्या हाताने धरते."

उद्या नवा ठोकतो.